अणुभट्टीला गॅस टर्बाइन जोडली तर कार्यक्षमता खरंच वाढते का?

वाढते, सगळा खेळ तापमानाचा. आपल्या नाशिकच्या एकलहऱ्याला, कोळशावरच्या वीज केंद्रात, वाफ साधारण ५४० अंशांवर टर्बाइनमध्ये शिरते. पाण्यानं थंड होणाऱ्या अणुभट्टीत मात्र ३०० च्या आतच. त्यामुळे तिथं उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज बनतो. हेलियमवाली (हेलियम वायूनं थंड होणारी) भट्टी ७५० अंश आणि त्याहून गरम वायू देते, तो थेट टर्बाइनवर सोडला तर ४५ टक्क्यांच्या आसपास जाता येतं, निदान कागदावर.

पण टर्बाइनच्या कामातला मोठा वाटा कॉम्प्रेसरच (वायू दाबणारं यंत्र) खातो! म्हणून खरी मेख रिक्युपरेटरमध्ये: बाहेर पडणाऱ्या गरम वायूनंच आत जाणारा वायू तापवायचा. शिवाय कॉम्प्रेसरआधी वायू गार हवा, आणि आपल्या मे महिन्यात तेच जड जातं. चीनच्या शिदाओवानमधल्या हेलियम भट्टीलाही (२०२३) शेवटी वाफेचीच टर्बाइन जोडली आहे.