लांब केसांचं पिल्लू: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमचं शिह त्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू ४ महिन्यांचं आहे. केस जमिनीपर्यंत वाढवायची इच्छा आहे. आत्ता एकदा बारीक कापून घेतले की पुढे दाट येतात, असं सोसायटीत बरेच जण सांगतात. खरं आहे का? आणि सुरुवात कुठून करायची? (एक वाचक, कोथरूड)

खरं नाही. केस किती दाट येणार हे कातडीतल्या मुळांवर ठरतं, आणि टोक कापल्याने मूळ बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून केस हाताला जाड लागतो, एवढंच. कापलंत तर महिने मात्र वाया जातील. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि अंगावरचा केस जमिनीला टेकायला दीड-दोन वर्षं जातात. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, यॉर्की या जातींचा केस बराच काळ वाढतच राहतो. त्यामुळे तो वाढावा म्हणून वेगळं काही करावं लागत नाही, वाढलेला तुटू द्यायचा नाही. पुढची सगळी मेहनत त्यासाठीच.

तीन ठिकाणी कात्री चालते: पंजाच्या गाद्यांमधले केस, शी-शूच्या जागेभोवतीचे केस आणि पावलाच्या कडेने जमिनीवर लोळणारी टोकं. नाकाच्या दांडीवरचे केस मात्र कापू नका. या वयात ते चहूबाजूंनी उभे राहतात आणि डोळ्यांत येतात, त्यामुळे हात शिवशिवतात. पण कापलेली खुंटं ताठ असतात, ती नेमकी बुबुळाला टोचतात आणि तीच अडनिडी लांबी पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते. रोज ओल्या कापसाने ते दोन्ही बाजूंना बसवा. ५-६ महिन्यांत शेंडीत येण्याइतके होतात. डोळा लाल झाला किंवा पिल्लू तो मिटून घेऊ लागलं, तर केसांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना जखम पटकन होते.

सामान थोडंच लागतं. धातूच्या लांब पिनांचा ब्रश घ्या, पण पिनांच्या टोकाला गोळ्या नसलेला. गोळीत केस अडकून तुटतो. एक स्टीलचा कंगवा घ्या, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. शिवाय एक स्प्रेची बाटली. वाकड्या बारीक तारांचा स्लिकर ब्रश दुकानदार आधी पुढे करतात, पण लांब केसांवर तो रोज चालवला तर केस तोडतो. पायांपुरता, हलक्या हाताने वापरा.

४ महिन्यांच्या केसाला विंचरण्याची खरी गरज नसते. सवय लावायला मात्र हेच वय योग्य. न घसरणारी चटई टाकून रोज ५ मिनिटं टेबलावर घ्या, कुशीवर झोपायला शिकवा, हनुवटी आणि पंजे हातात धरू द्यायला शिकवा. वर्षाच्या कुत्र्याला हे पहिल्यांदा शिकवायचं म्हणजे दोघांचेही हाल.

प्रश्न: ल्हासा ९ महिन्यांचा आहे. दिवसातून दोनदा ब्रश करतो, तरी कानामागे आणि काखेत गुंते होतातच. पार्लरवाले म्हणतात, सगळे केस काढून टाका. (एक वाचक, वाकड)

अगदी इथेच बहुतेक जण हात टेकतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधारण ८ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचा मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचा केस येतो. ल्हासा आणि शिह त्झूला खाली मऊ आणि वर लांब असे दोन थर असतात. सुटलेला मऊ केस जमिनीवर पडत नाही, वरच्या लांब केसांतच अडकून बसतो. त्यात ओल आणि घासणं मिळालं की लोकरीचं घोंगडं व्हावं तसा तो एकमेकांत दाबला जातो. हे दोन-तीन महिने चालतं आणि मग बरंच कमी होतं. तेवढे दिवस निभावले की केस वाचले.

दुसरं कारण तुमच्या ब्रशचं. दोनदा फिरवता, पण तो पोचतो कुठवर, हे पाहा. कंगव्याची विरळ बाजू काखेजवळ कातडीला टेकवा आणि बाहेर ओढा. कातडीपासून सेंटिमीटरभर अंतरावर दात अडले, तर तुम्ही इतके दिवस फक्त वरचा थर विंचरत होतात.

थराथराने विंचरा. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा कुत्र्यांचा कंडिशनर घालून हलवा आणि हलका फवारा मारा. कोरडा केस विंचरला की तुटतो. कुत्र्याला कुशीवर झोपवा. पोटाकडून सुरुवात करा. आडवा भांग पाडा, इतका स्पष्ट की गुलाबी कातडीची रेघ दिसली पाहिजे. वरचे केस डाव्या तळहाताने वर दाबून धरा. खाली सुटलेल्या पातळ थराची आधी टोकं, मग मधला भाग आणि शेवटी मूळ सोडवा. नंतर कंगवा कातडीपासून टोकापर्यंत विनाअडथळा गेला पाहिजे. मग बोटभर वर पुढचा भांग. असं पाठीच्या कण्यापर्यंत जायचं आणि कूस बदलायची. ब्रश सरळ बाहेर न्या. शेवटी मनगटाला झटका दिलात तर टोकं तुटतात, आणि मग "केस एका लांबीपुढे जातच नाहीत" अशी तक्रार येते. पूर्ण अंगाला २०-२५ मिनिटं लागतात. केस बदलत असताना रोज, नंतर एक दिवसाआड.

गुंता सापडला तर भिजवू नका. ओला गुंता सुकताना आणखी घट्ट होतो. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि बाहेरच्या कडेपासून बोटांनी फाडत छोटे छोटे तुकडे करा. मग कंगव्याच्या शेवटच्या एका दाताने सोडवा. हटलाच नाही तर गुंता आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि केसाच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन उभे काप देऊन गुंता चिरा. गुंता उचलून त्याच्याखाली आडवी कात्री कधीही घालू नका. उचलताना कातडीही वर येते. कानाची कड आणि काख तिथेच कापली जाते आणि टाके घालावे लागतात.

पार्लरवाल्यांचं म्हणणं एका परिस्थितीत बरोबर आहे: गुंत्यांचा एकसंध पत्रा झाला असेल, खाली कातडी लाल असेल किंवा वास येत असेल तर. तेव्हा सोडवत बसणं म्हणजे मुक्या जिवाला तासन्‌तास त्रास. मशीनने काढा, केस पुन्हा येतील. नुसते काखेत आणि कानामागे गुंते असतील, तर फक्त काखेतले केस बारीक करा. वरून दिसत नाहीत. आणि हार्नेस घरात आल्याबरोबर काढत जा. काखेतल्या गुंत्याचं मूळ बहुधा तेच असतं.

प्रश्न: आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. आंघोळीनंतर केस राठ आणि चिकट लागतात. शाम्पू बदलू का? (एक वाचक, उंड्री)

आधी शाम्पू कमी करा, मग बदलायचं बघू. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं असतं, त्यात क्षार जास्त असतात. फेस कमी येतो म्हणून आपण आणखी शाम्पू ओततो आणि तो केसांतून पुरता निघत नाही. चिकटपणा, कोंडा, खाज ही सगळी त्या उरलेल्या शाम्पूची आणि क्षारांची देणगी. शाम्पू थेट अंगावर न ओतता बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पातळ करा. एकास दहा असेल तर ३० मिली शाम्पू आणि ३०० मिली पाणी. माणसांचा शाम्पू, अगदी लहान मुलांचासुद्धा, नको. आपली कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्यापेक्षा बरीच उदासीनतेकडे झुकलेली.

क्रम असा ठेवा: आधी पूर्ण विंचरून गुंते काढायचे, मगच पाणी. पाणी कोमट. शाम्पू केसांच्या दिशेने वरून खाली निथळवायचा. डोक्याला मालिश करतो तसं गोल गोल चोळलं की गुंते तिथल्या तिथे तयार होतात. बोटांत केस धरून ओढल्यावर बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत धुवायचं. मग कंडिशनर, पुन्हा धुणं, आणि शेवटचं दोन लिटर पाणी फिल्टरचं किंवा नळाचं. तेवढ्यानेच बराच फरक पडतो. ते शक्य नसेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून शेवटी अंगावरून ओता, पण डोळे सांभाळा. कातडीला जखम किंवा ओरखडे असतील तर व्हिनेगर नको.

जुन्या सुती पंच्याने दाबून पाणी टिपा, खसाखसा पुसू नका. मग ड्रायर कमी उष्णतेवर, एका हाताने ब्रश चालवत, मुळापर्यंत कोरडं होईतो. झोत मधूनमधून स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्मा लवकर बाधतो, तेव्हा धापा टाकायला लागलं की थांबा. गॅलरीत उन्हात वाळायला सोडलेला केस वाकडातिकडा सुकतो आणि दुसऱ्या दिवशी गुंततो. पिल्लाला दोन-तीन आठवड्यांनी आंघोळ पुरते. केस पूर्ण लांब झाल्यावर ७ ते १० दिवसांनी लागते, कारण मळलेला केसच जास्त तुटतो.

प्रश्न: ६ महिन्यांच्या माल्टीजच्या डोळ्यांखाली तांबूस पट्टे पडलेत. डाग घालवणारी पावडर द्यावी का? आणि शेंडी किती घट्ट बांधायची? (एक वाचक, बाणेर)

अश्रूंमध्ये लोह असलेलं एक रंगद्रव्य असतं. ओल राहिली की ते पांढऱ्या केसांवर चढतं. या वयात दात बदलत असतात, तेव्हा डोळ्यांतून पाणी जास्त येतं आणि पुढे ते बरेचदा कमी होतं. सकाळ-संध्याकाळ उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा आणि लगेच कोरडं करा. कोरडं करणं हेच महत्त्वाचं. पेरॉक्साइड डोळ्यांजवळ नेऊ नका. काही पावडरींमध्ये प्रतिजैविकं असतात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. एकाच डोळ्यातून पाणी येत असेल तर अश्रुनलिका तुंबली आहे का, पापणीचा केस आत वळला आहे का, हे तपासून घ्या. रंगलेला केस पांढरा होत नाही. नवा पांढरा येईपर्यंत थांबावं लागतं.

शेंडीसाठी लॅटेक्सचे छोटे रबर मिळतात, तेच वापरा. बांधल्यावर कुत्र्याला डोळे पूर्ण मिटता आले पाहिजेत. भुवया वर ताणलेल्या दिसल्या तर कंगव्याच्या टोकाने मुळाशी थोडं सैल करा. रोज नवा रबर, आणि जुना ओढून न काढता कात्रीने कापायचा.

प्रश्न: घरी आजी रोज खोबरेल तेल लावतात. चालेल? (एक वाचक, सदाशिव पेठ)

नको. धूळ बसते, गुंते वाढतात आणि कुत्रं ते चाटतं. आजींना पोषणाकडे वळवा. केस प्रथिनांचा बनतो, आणि रोजच्या दूधपोळी किंवा दहीभाताने ती गरज भागत नाही. पिल्लांचं चांगलं तयार अन्न द्या, वर अधूनमधून शिजवलेलं अंडं. अंडं कच्चं नको. कच्च्या पांढऱ्यामुळे बायोटिन अंगी लागत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात पाय सतत ओले, आणि गोचिडांची भीती. केस कापावे का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

सगळे कापायची गरज नाही. गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला कापा. चिखल तिथेच धरतो. फिरून आलं की चारही पंजे मगभर साध्या पाण्यात बुडवून धुवा, बोटांच्या बेचक्यांत पंचा घालून टिपा आणि ड्रायरचा गार झोत द्या. सतत चाटून पंजा तांबूस झाला, वास येऊ लागला, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. रेनकोट घरात पाऊल टाकताच काढायचा.

लांब केसांत गोचीड दिसत नाही, हाताला लागते. कानाच्या आत, बोटांमध्ये, गळपट्ट्याखाली रोज बोटं फिरवा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल काही लावू नका. मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणेच घ्या. खांद्यांच्या मधोमध केस बाजूला करून कातडी दिसली की नळी तिथे टेकवूनच पिळा. केसांवर पडलेलं औषध वाया जातं आणि तिथे केस चिकटून बसतात. साधारण दोन दिवस आधी आणि नंतर आंघोळ नको. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजरांना ते विषारी असतं. गोचीड निघाल्यानंतरच्या दिवसांत कुत्रं मलूल झालं, जेवेनासं झालं किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर वाट न पाहता रक्त तपासून घ्या.