‘माझ्यामुळे झाले नाही, तर मी करून काय होणार?’

अडीच वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान होऊन तीन आठवडे झाले होते. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई एक वही घेऊन आली होती. वहीत नोंदी होत्या: ती कामावर पुन्हा रुजू झाली तो दिवस, मुलाच्या हातात पहिल्यांदा मोबाइल दिला तो महिना, स्वतःच्या आजारपणामुळे त्याला पंधरा दिवस आजीकडे ठेवले तो काळ. “मॅडम, यातले नेमके काय चुकले तेवढे सांगा,” ती म्हणाली. निदानानंतर भेटणाऱ्या बहुतेक आया हा हिशेब मनात घेऊन येतात. हिने तो लिहून काढला होता, इतकाच फरक. वडिलांनी असा हिशेब मांडल्याचे मला क्वचितच आठवते.

या हिशेबाला स्वमग्न मुलांसोबत काम करणाऱ्या आमच्या क्षेत्राचाही हातभार लागलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असे नावाजलेले तज्ज्ञच सांगत असत. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एकसारख्या, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. संख्या लहान होती, पण तेव्हापासून संशोधकांचे लक्ष आनुवंशिकतेकडे वळले.

मी तिला पुढचे संशोधनही सांगितले. ज्यांचे मोठे भावंड स्वमग्न आहे अशा तान्ह्या बाळांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना पुढे निदान झाले, त्यांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचा पृष्ठभाग ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यानच अधिक वेगाने वाढत होता, आणि मेंदूचे आकारमान दुसऱ्या वर्षात अधिक वाढले. २०१४ च्या एका अभ्यासात, मृत्यू पावलेल्या ११ स्वमग्न मुलांपैकी १० जणांच्या मेंदूच्या आवरणात पेशींची मांडणी विस्कटलेले छोटे भाग आढळले होते. अशी मांडणी गर्भावस्थेत ठरत असल्याने फरकाची सुरुवात जन्मापूर्वीच होत असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. मोबाइल आणि नोकरी यांच्या तारखा त्यानंतरच्या आहेत, हे दाखवून मी तिला मोकळे करू पाहत होते.

इथे माझे चुकले. पुढच्या भेटीत वहीचे नवे पान भरलेले होते: पाचव्या महिन्यात आलेला ताप, कार्यालयातील जागरणे, एका रात्रीचे रडणे. ‘जन्मापूर्वी’ हा शब्द मी दिलासा म्हणून उच्चारला होता. तिच्या कानांवर तो ‘तुझ्या पोटात असताना’ असा पडला. मग मला सावकाश सांगावे लागले की स्वमग्नतेशी शेकडो जनुकांचा संबंध जोडला गेला आहे. गरोदरपणातील काही गोष्टी, उदाहरणार्थ अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध, जोखीम वाढवतात हे खरे. परंतु एखाद्या तापाकडे किंवा एका रात्रीच्या रडण्याकडे बोट दाखवून, या मुलाच्या बाबतीत हेच कारण, असे कोणालाही म्हणता येत नाही. तिने वही मिटली आणि विचारले, “माझ्यामुळे झाले नाही, तर मी करून तरी काय होणार?”

हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यामुळे घडले त्यालाच ते सावरता येते, हे गृहीतक त्यात दडलेले आहे, आणि ते चुकीचे आहे. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी खुणांनी बोलायला शिकणाऱ्या आईने ते बहिरेपण आणलेले नसते. शिवाय मेंदूची जडणघडण जन्माच्या वेळी संपत नाही. पहिल्या काही वर्षांत पेशींमधील जोडण्या झपाट्याने बनत आणि छाटल्या जात असतात, आणि रोजच्या देवाणघेवाणीचा त्यांच्यावर परिणाम होतो.

ही देवाणघेवाण तज्ज्ञाच्या खोलीतच व्हावी लागते असेही नाही. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ साली आले, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना घरच्या खेळाचे चित्रण दाखवत मार्गदर्शन केले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांनी एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणून मी हा उपाय रामबाण म्हणून सांगत नाही.

आम्ही तेच केले: रोज दहा मिनिटांचा खेळ आणि आठवड्याला एक चित्रण. पहिल्या चित्रणात ती सतत विचारत होती, “हा रंग कोणता? हे काय?” मुलगा पाठ फिरवून गाडीचे चाक फिरवत होता. मी तिला प्रश्न थांबवायला, शेजारी बसून दुसऱ्या गाडीचे चाक फिरवायला आणि वाट पाहायला सांगितले. हे वाट पाहणे तिला सर्वांत कठीण गेले. सहाव्या आठवड्यातील चित्रणात त्याने आपली गाडी तिच्याकडे ढकलली आणि तिच्या हाताकडे पाहत थांबला.

त्यानंतर आजीलाही बोलावले, कारण दिवसाचे आठ तास तो तिच्याजवळ असतो. हवे ते मुलाला दाखवता यावे म्हणून दिलेली चित्रांची कार्डे पाहून ती म्हणाली, “याची सवय लागली तर तो बोलणारच नाही.” कार्डांमुळे बोलणे मागे पडते असे अभ्यासांत दिसलेले नाही, उलट काही मुलांना त्यांची मदत होते, हे मी सांगितले. “पण बोलेल ना?” तिने विचारले. आज ते सांगता येणार नाही, असे मी उत्तर दिले आणि पाण्याचे कार्ड कधी, कुठे ठेवायचे ते आम्ही तिघींनी ठरवले.