अकरावीचा प्रवेश आणि चेलो

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडवरून आपण पाठवलेले पत्र मिळाले. नऊ वर्षांची असल्यापासून चेलो (व्हायोलिनच्या जातीचे, पण मोठे आणि बसून वाजवायचे वाद्य) शिकणारी आपली मुलगी दहावी झाली असून ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांतील सहाव्या ग्रेडपर्यंत पोहोचली आहे. तिला पुढे केवळ चेलोच करायचा आहे, तर तिच्या वडिलांचा आग्रह सायन्स आणि जेईईच्या इंटिग्रेटेड क्लासचा आहे. ‘यात पोट भरेल का?’ असे आपण विचारता.

केवळ मैफलींवर पोट भरणे आपल्याकडे आजही अवघड आहे. मुंबईतील एनसीपीए या कलासंस्थेने २००६ साली स्थापन केलेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मुख्य हंगामांतही बरेच वादक परदेशातून बोलावले जातात. येथील वादकाचे उत्पन्न बहुधा शिकवण्या, ध्वनिमुद्रणे आणि समारंभ असे मिळूनच उभे राहते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मात्र त्याआधीचा प्रश्न तिच्या तयारीचा आहे. ग्रेडच्या परीक्षेत निवडक रचना महिनोन्‌महिने घोटून वाजवता येतात. तिला पुढे परदेशात शिकायचे असेल, तर तेथील संगीत महाविद्यालयाच्या प्रवेश-ऑडिशनला साधारणतः बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइट्सपैकी (रचनामालिकांपैकी) एखादीतील भाग आणि हायडनसारख्या संगीतकाराच्या कॉन्चेर्टोतील (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या रचनेतील) एक भाग, पुष्कळदा पाठ, वाजवावा लागतो. चेलोला सतारीसारखे पडदे नसल्याने डाव्या हाताचा अंगठा तारेवर टेकवून वरच्या सप्तकात वाजवताना बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो, आणि परीक्षकांच्या कानांना ते पहिल्या काही ओळींतच कळते. सहावी ग्रेड चांगली आहे, पण या पातळीपासून ती अजून बरीच दूर आहे.

म्हणूनच दिवसभराचा इंटिग्रेटेड क्लास आणि रोजचा तीन-चार तासांचा रियाज एकत्र जमतील, असे मला वाटत नाही. बारावी मात्र सोडू नये. कला शाखेत ती नीट होईल आणि सकाळचे ताजे तास वाद्याला मिळतील. (चेलो पाठीवर घेऊन ठाण्याहून गर्दीच्या वेळी फास्ट लोकलमध्ये चढणे ही निराळीच साधना असल्याने, दक्षिण मुंबईतील शिकवणी दुपारची मिळते का, हेही पाहावे.)

खर्चाचे म्हणाल, तर जर्मनीतील बहुतेक राज्यांच्या सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. राहण्या-जेवण्याचा खर्च सर्वत्र वेगळा, शिवाय जर्मन भाषा आलीच पाहिजे. ती तिने याच वर्षी सुरू करावी.

तिच्या वादनाचे, कोणतीही काटछाट न केलेले वीस मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते तिला कधीही न शिकवलेल्या दोन व्यावसायिक चेलोवादकांना ऐकवावे आणि दोन वर्षांत ऑडिशनची तयारी शक्य आहे का, एवढेच विचारावे. त्यांचे मत तिच्या वडिलांनीही समोर बसून ऐकावे, आणि ते मिळेपर्यंत क्लासच्या शुल्काचा पहिला हप्ता भरू नये.