फुकटातलं पहिलं विमान कोणतं घ्यावं?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या गेममध्ये, नवीन आहेस, तर त्यातली विमानं विकत घ्यायची घाई करू नकोस. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० असेल तर फ्लायबायवायर या गटाचं ए३२एनएक्स (एअरबस ए३२०निओ) घे, एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर असेल तर झिबो नावाच्या निर्मात्याचं बोइंग ७३७-८००. दोन्ही फुकट आहेत. झिबो हे गेमसोबत येणाऱ्या ७३७ वरच उभारलंय, पण एफएमसी (विमानाचा मार्ग सांभाळणारा संगणक) नीट शिकायला पुरून उरेल इतकं सखोल आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये नवखे एका जागी हमखास अडतात. उतरवलेल्या विमानाची झिप उघडली की फोल्डरात फोल्डर निघतो. मॅनिफेस्ट.जेसन ही फाइल ज्यात दिसेल तोच आतला फोल्डर सिमच्या 'कम्युनिटी' फोल्डरात टाक, नाहीतर विमान यादीत येतच नाही. अपडेटनंतर सिम बंद पडायला लागलं, तर कम्युनिटी फोल्डर रिकामा करून एकेक अॅड-ऑन (बाहेरून घातलेलं विमान वगैरे) परत घाल, दोषी सापडतोच.

मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या एफएस २००४ सिमच्या काळात प्रोजेक्ट ओपनस्काय या हौशी गटाची फुकट विमानं उतरवून नवी रंगसंगती लावायची, तर एअरक्राफ्ट.सीएफजी या फाइलमध्ये प्रत्येक रंगसंगतीच्या 'फ्लटसिम' नोंदीचे क्रमांक हाताने टाकावे लागत. आता हे आपोआप करणारे इन्स्टॉलर आलेत, पण मागे तशीच हौशी माणसं आहेत, नोकरी सांभाळून रात्री जागणारी. म्हणून सोबतची रीडमी (सूचनांची फाइल) वाचच. बिघाड कळवताना सिमची आणि अॅड-ऑनची आवृत्ती लिही, काय केल्यावर बिघडलं तेही सांग.