नावापाशीच अडतं, तर माइकसमोर कशी बसू?

"बोलताना अडखळतो, मग माध्यमांत करिअर करायचं विसरूनच जायचं का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. अशा वेळी मला एक मुलगी आठवते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय 23. पहिल्या भेटीत मी नाव विचारलं. तिचे ओठ घट्ट मिटले, मान किंचित वर गेली, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. शेवटी तिने मोबाइल पुढे केला. नाव आणि चार ओळी घरूनच टाइप करून आणल्या होत्या. अडखळणाऱ्या अनेकांना स्वतःचं नावच सगळ्यात जड जातं. इतर शब्दांना आडवाट सापडते, नावाला पर्यायी शब्द नसतो.

तिला निवेदन आणि डबिंग करायचं होतं. एका स्टुडिओत नाव सांगतानाच अडकली, तर "आवाजाच्या कामात हे चालत नाही" म्हणून परत पाठवलं. तिचं वाचन कुणी ऐकलंही नाही. मला आजही त्याचा राग येतो. मग तिने ध्वनिसंपादनाचं काम धरलं. दिवसभर दुसऱ्यांच्या आवाजातले श्वास आणि अडथळे साफ करायचे.

घरचे म्हणायचे, "घाबरू नकोस, सावकाश बोल." सल्ला मायेचाच, पण त्यातून तिने एवढंच घेतलं की आपलं मन कमकुवत आहे. तसं नसतं. तोतरेपणाचं मूळ मेंदू बोलण्याची जुळवाजुळव कशी करतो यात असतं, अनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. भीतीमुळे तो वाढतो, भीतीतून जन्मत नाही. प्रौढांमध्ये साधारण 100 तल्या एकाला तो असतो. उच्चारांच्या कामासाठी मी तिला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, तो माझा प्रांत नाही. माझ्याकडे काम होतं ते तिच्या लपवण्यावर, म्हणजे अडणारे शब्द टाळण्याच्या सवयीवर.

तिला एकच काम दिलं: आठवडाभर टाळलेला प्रत्येक शब्द वहीत लिहायचा. वहीत सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द होता, "नको". तो अडायचा, म्हणून ती "चालेल" म्हणायची. तिच्या सुट्टीच्या दिवसाच्या जादा पाळ्या अशाच लागत होत्या. हे वाचून आम्ही दोघीही बराच वेळ गप्प होतो.

पुढचे काही महिने त्या "नको"वरच गेले. आधी माझ्यासमोर, मग मैत्रिणीला, मग ऑफिसात, अडलं तरी शब्द न बदलता. कधी कधी मुद्दाम अडखळूनही. थेरपीत ही पद्धत वापरतात, कारण जे आपण स्वतःहून करतो त्याची दहशत ओसरते.

एखादं पात्र होऊन वाचताना मात्र ती फारशी अडत नव्हती. गाताना, इतरांबरोबर एका सुरात वाचताना किंवा भूमिकेत शिरल्यावर अनेकांचं बोलणं मोकळं होतं. अमेरिकन अभिनेते जेम्स अर्ल जोन्स लहानपणी तोतरेपणामुळे सुमारे आठ वर्षं जवळजवळ मुके राहिले. शाळेतल्या एका शिक्षकांनी त्यांना वर्गात कविता म्हणायला लावली. 1977 मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या डार्थ व्हेडर या खलनायकाला आवाज दिला तो त्यांनीच. त्यांचा तोतरेपणा पुरता गेला नव्हता, हे मी तिला आवर्जून सांगितलं. बरी झाल्यावर काम शोधेन, या वाटेवर वर्षं निघून जातात.

थेट प्रक्षेपण जास्त कठीण, हेही मी लपवलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये रिटेक असतो, अडलेल्या शब्दापासून पुढचं पुन्हा घेता येतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ऑडिशनला गेल्यावर पहिलं वाक्य आम्ही ठरवून टाकलं: "मी अडखळते, थांबले तर माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका." दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी एका दुय्यम पात्राचं डबिंग मिळालं.

परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. आजवर ती मला फक्त टाइप करायची. सुरुवातीलाच ती स्वतःच्या नावावर तीन-चार सेकंद अडकली होती. संपादनाची सवय असलेल्या त्या मुलीने तेवढा भाग कापला नव्हता.