काठावरची मुले आणि शाळेची जबाबदारी

प्रश्न : मी सोळा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते. प्रमाणित चाचणीत किती टक्के मुले उत्तीर्ण झाली, यावरून आमच्या शाळेचे मानांकन ठरते. यंदा चाचणीच्या दोन महिने आधी वर्गाच्या यादीत प्रत्येक नावापुढे हिरवी, पिवळी किंवा लाल खूण करण्याची सूचना आली. पिवळी खूण काठावरच्या मुलांना, आणि जादा तास फक्त त्यांनाच. माझ्या वर्गातल्या एका मुलाला वर्षाच्या सुरुवातीला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. आज तो बोट ठेवून, सावकाश का होईना, अख्खा परिच्छेद वाचतो. त्याच्या नावापुढे लाल खूण करताना माझा हात अडखळला. यात दोष चाचणीचा, की शाळेला जबाबदार धरण्याच्या धोरणाचा? (एक शिक्षिका)

उत्तर : आपला हात अडखळला ते योग्यच झाले. माझ्या मते दोष चाचणीत नाही आणि जबाबदारीच्या कल्पनेतही नाही. तो उत्तीर्णांची टक्केवारी हे एकच माप धरून त्यावर शाळेचे भवितव्य टांगणाऱ्या नियमात आहे. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागत असतील, तर ३४ वरून ३५ वर गेलेले मूल शाळेच्या खात्यात पूर्ण जमा होते, आणि १० वरून ३० वर पोहोचलेल्या मुलाची, म्हणजे आपल्या त्या विद्यार्थ्याची, वर्षभराची मेहनत शून्य ठरते. ज्या शाळेचा निकाल असा मोजला जाईल ती काठावरच्या मुलांमागेच धावणार. आपल्या सहकाऱ्यांना दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

हा अनुभव नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांच्या अनुदानाचा मोठा भाग वाचन, लेखन आणि अंकगणितातील मुलांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आला, तेव्हा मुलांकडून वाचनाचे पुस्तकच तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. ती पद्धत मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडले. अमेरिकेत २००२ साली लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी बंधनकारक केली, २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण व्हावीत असे उद्दिष्ट घातले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर टप्प्याटप्प्याने कारवाईची तरतूद केली. उद्दिष्ट गाठता आले नाहीच. अटलांटा शहरात तर २००९ च्या चाचणीत उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर करण्यात आली होती, आणि २०११ च्या चौकशी अहवालाने ४४ शाळांतील १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. २०१५ च्या नव्या कायद्याने चाचण्या कायम ठेवल्या, मात्र शाळांचे मूल्यमापन कसे करावे याची बरीच मोकळीक राज्यांना दिली आणि चाचणीखेरीज आणखी एखादा निकष घेणे आवश्यक केले.

सुधारणा कोठून सुरू करावी, याविषयी माझे मत ठाम आहे : देशाचे शिक्षण कसे चालले आहे हे जोखणारी चाचणी आणि शाळेची जबाबदारी ठरवणारे माप, ही दोन कामे वेगळी करावीत. पहिल्या कामाला प्रत्येक मुलाला परीक्षेला बसवण्याची गरजच नाही. अमेरिकेतच १९६९ पासून अशी एक राष्ट्रीय चाचणी नमुना पद्धतीने घेतली जाते. तिच्यात निवडलेल्या प्रत्येक मुलाला प्रश्नसंचाचा केवळ एक भाग सोडवावा लागतो आणि कोणत्याही मुलाचा किंवा शाळेचा निकाल जाहीर होत नाही. तिच्यासाठी घोकंपट्टी करून घेण्यात कोणाचाच फायदा नसल्यामुळे तिचे आकडे अधिक भरवशाचे असतात. शाळेकडे पाहताना मात्र मूल कोठून निघाले आणि कोठवर आले हे मोजावे, आणि जाणत्या निरीक्षकांनी वर्गात बसून अध्यापन पाहावे. निकाल वाईट आला की शिक्षा करण्याऐवजी आधी मदत पोहोचली पाहिजे.

प्रश्न : एवढे दोष आहेत, तर या चाचण्या रद्दच का करू नयेत? आणि पालकांनी मुलांसाठी शाळा निवडायची तरी कशावरून? (एक पालक)

उत्तर : रद्द करू नयेत. वर उल्लेख केलेल्या २००२ च्या कायद्याने एक मोलाची गोष्ट केली : गरीब, अपंग, अल्पसंख्य आणि वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांचे निकाल स्वतंत्रपणे जाहीर करणे भाग पाडले. चांगल्या सरासरीच्या आड ही मुले दिसेनाशी होत होती. मोजणेच थांबवले, तर पहिला तोटा त्यांचाच होईल.

शाळा निवडताना क्रमवारीवर विसंबू नका. वीस मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे पाच टक्के. दोघांचा पेपर बिघडला की निकाल दहा टक्क्यांनी घसरतो, आणि शिकवणे मात्र तेच असते. शाळेकडून तीन वर्षांचे निकाल मागून घ्या, दुसरीत मागे असलेली मुले चौथीपर्यंत कोठे पोहोचली हे विचारा, आणि जादा तास कोणत्या मुलांसाठी घेतले जातात हेही विचारायला विसरू नका.