कोल्हापुरात ब्राँझ कोरीची पिल्लं काढायची तर टाकी कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टाकीत सहा ब्राँझ कोरी (तळाशी फिरणारे छोटे, मिशीवाले मासे) वर्षभर आहेत, खातात-पितात चांगल्या, हीटर २८ अंशांवर आहे, पण अंडी नाहीत. माझं पहिलं सांगणं, हीटर काढा. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. तिथं पाऊस लागून थंड, नवं पाणी आलं की तो विणीला येतो. माझ्याकडं राजारामपुरीत पहिली अंडी आली ती जुलैत, तीन दिवस झड लागली होती तेव्हा. त्यामुळं कोल्हापूरचा पावसाळा या कामी हाताशी घ्या.

वेगळी टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पुरते. पाणी दहा इंच भरा, साधारण ३५ लिटर होतं. वर जागा सोडायचीच, कारण कोरी मधूनमधून वर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून श्वास घेते. तळ मोकळा ठेवा. वाळू हवीच असेल तर बारीक, गुळगुळीत आणि पातळ थर. बांधकामाच्या धारदार वाळूनं मिशा झिजतात. फिल्टर स्पंजचाच, दुसरे फिल्टर पिल्लांना ओढून घेतात.

वरून पाहिलं की मादी रुंद, भरलेली दिसते. एका मादीला दोन नर सोडा. आठवडाभर डासांच्या अळ्या किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या) खाऊ घाला, मग संध्याकाळी तिसरा हिस्सा पाणी बदला, तीन-चार अंश थंड. नळाचं पाणी असेल तर आधी अँटीक्लोरिन घालाच. पावसाळ्यात माझ्या नळाला क्लोरिनचा वास जास्त येतो. एका वेळेत जमलं नाही तर दोन-तीन दिवस असंच करा.

मग जे दिसतं ते डोळे भरून बघावं असं असतं. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात दोन-चार अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. विणणं संपलं की मोठे मासे लगेच बाहेर काढा, ते अंडी खातात. मिथिलीन ब्लूचे (बुरशी रोखणारं निळं औषध) थेंब टाका, पांढरी पडलेली अंडी उचला.

तीन ते पाच दिवसांत पिल्लं फुटतात. पहिले दोन दिवस पोटाच्या पिशवीवर जगतात, खाऊ घालू नका. मग अंड्यातून ताजे निघालेले ब्राइन श्रिम्प (इवलाले खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे जीव) किंवा मायक्रोवर्म (बारीक किडे), थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा. सगळ्यात जास्त जपायचं ते इथं. माझा पहिला घाणा पूर्ण गेला, तळाशी उरलेलं खाद्य कुजलं म्हणून. आता मी रोज एअरच्या नळीनं तळाची घाण ओढतो आणि तेवढंच पाणी हळूहळू भरतो. वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप जवळ असू द्या.

पिल्लं जास्त झाली तर ओळखीत वाटा, दुकानात द्या. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत मात्र एकही सोडू नका.

स्पंज आजच जुन्या टाकीत टाका, म्हणजे त्यात पाणी साफ ठेवणारे जिवाणू धरतील. महिनाभर तिथं चालला की नव्या टाकीत लावा, म्हणजे पहिल्या पावसाला तुमची टाकी तयार असेल.